तांबड्या पेन्सिलीची सही

डोंबिवली पूर्वेच्या ज्या इमारतीत मी वाढलो, तिथे दिवस उजाडायचा तो पाण्याच्या आवाजाने. पहाटे साडेपाचच्या सुमारास तळटाकीत नळाचं पाणी पडू लागे, आणि मग ते गच्चीवरच्या टाकीत चढवण्यासाठी कुणीतरी खाली उतरून पंपाचा खटका दाबायचा. हा 'कुणीतरी' कोण, यावरून आमच्या चोवीस बिऱ्हाडांत जितकी भांडणं झाली तितकी बहुधा दुसऱ्या कशावरूनही झाली नसतील. कुणी पंप चालू करून झोपी जाई आणि गच्चीवरून पाणी जिन्यात ओघळे. कुणी उठतच नसे आणि आठ वाजता तिसऱ्या मजल्यावरून हाका सुरू होत. आमच्या दोन खोल्यांत आई त्या वेळी पिंप, हंडे, कळश्या आणि लोणच्याच्या रिकाम्या बरण्यासुद्धा भरून ठेवत असे. वडील ठाण्याच्या सरकारी कचेरीत होते. त्यांची दाढी, आंघोळ आणि स्तोत्र या तिन्ही गोष्टी त्या अर्ध्या तासात बसवलेल्या असत. रविवारी मात्र घावने असायचे, गावाहून आलेल्या नारळाचा गोड रस असायचा, आणि ते भराभर गिळून मी खाली पळायचो.

खाली, पंपाच्या खोलीला लागून, पूर्वी सायकली ठेवायची एक खोली होती. ती सोसायटीने इमारतीतच राहणाऱ्या देवस्थळी सरांना दिली होती, पंपाची देखभाल करण्याच्या अटीवर. सर टेलिफोन खात्यात तंत्रज्ञ होते, पन्नाशीच्या आसपासचे, कमी बोलणारे. शाळेत ते कधी शिकवत नव्हते, तरी सगळे त्यांना सरच म्हणत. त्या खोलीत दर रविवारी आम्ही सातआठ जण जमत असू आणि हाताने काहीबाही बनवत असू: गाणं वाजवणारी दाराची घंटा, दिवाळीच्या पळत्या दिव्यांची माळ, लांबच्या केंद्राचं चित्र ओढून आणणारा टीव्हीचा बूस्टर. कुणाकडे कारखान्यातून आलेला मोडका मीटर असे, कुणाकडे मासिकातलं एखादं सर्किट. एकाच्या अडलेल्या कामावर सगळे डोकी टेकवून बसत. सर तिला कार्यशाळा म्हणत. इमारतीतले लोक खटपट मंडळ. तळमजल्याच्या सामंतकाकू दुपारी दारातून भज्यांची परात आत सरकवत आणि म्हणत, "अहो शास्त्रज्ञ, खाऊन घ्या. नुसत्या धुराने पोटं भरायची नाहीत तुमची." सोल्डरिंगच्या राळेचा वास माझ्या कपड्यांना इतका बसे, की आई मला देवळातून आल्यासारखा हुंगत असे.

आता त्याच प्रकारच्या एका जागेत मी दर शनिवारी जातो. ठाण्यात, एका नव्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर. काचेचं दार आहे, थ्रीडी प्रिंटर आहेत, आणि तरुण मुलं-मुली तिला हॅकरस्पेस म्हणतात. मी त्यांना सोल्डरिंग शिकवतो. तिथे कुणाचं काही जळलं की बाकीचे टाळ्या वाजवतात. पहिल्यांदा त्या टाळ्या ऐकल्या तेव्हा मला बाहेर जाऊन उभं राहावं लागलं होतं.

कारण आमच्या खोलीत एक नियम होता, आणि तो सरांनी भिंतीवर लिहिलेला नव्हता, तरी त्याच्याइतकं काहीच पक्कं नव्हतं. घरच्या विजेवर चालणारी कोणतीही वस्तू दुसऱ्याने तपासल्याशिवाय लावायची नाही. तपासणारा सर्किटचा कागद पुढे घेई, हातात तांबडी पेन्सिल घेई, आणि डब्यातली एकेक तार बोटाने धरून कागदावरची तीच रेघ तांबडी करत जाई. सगळा कागद तांबडा झाला की खाली सही. सहीनंतर एक तार जरी बदलली तरी कागद फाडायचा आणि तपासणी पहिल्यापासून. सर म्हणत, "बनवणाऱ्याच्या हातून चूक होणारच, तिला माफी आहे. तपासणाऱ्याला माफी नाही. कारण त्याच्या सहीवर तिसरा माणूस हात लावतो."

तपासणीत सर्वांत कडक होती कुंदा म्हात्रे. ती मानपाड्याजवळच्या गावातली, तिथल्या जुन्या शेतकरी घरातली. आयटीआयमधून वायरमनचा कोर्स करत होती, आणि सायकलवरून यायची. आमच्या खोलीतली एकुलती एक मुलगी. पण तिला त्याचं भान असल्याचं कधी दिसलं नाही. माझ्या जोडण्यांवर सोल्डरचे गोळे साचत. ते बघून ती एकदा सर्वांदेखत म्हणाली, "श्रीधर, ही जोडनी हाय का मेदुवडा? चटनी आनू?" सगळे हसले, मीही हसलो. पण घरी जाऊन तेच वाक्य मी कितीतरी वेळ मनात घोळवत बसलो होतो, हेही लिहायला हवं. मी अकरावी-बारावीला चांगले गुण मिळवलेला, इंग्रजी मासिकं वाचणारा मुलगा होतो, आणि तिने बघण्याआधी मी प्रत्येक जोडणी दोनदा करत असे.

त्या वर्षी सरांनी मोठं काम काढलं. पंपाची भांडणं कायमची मिटवणारी पेटी: तळटाकीत पाणी आलं की पंप आपोआप सुरू, वरची टाकी भरली की बंद. दोन्ही टाक्यांत पितळी कांड्या सोडायच्या, पाणी कांडीला टेकलं की पेटीला कळेल. पेटी मी बांधायची आणि कुंदाने तपासायची, असं ठरलं. आणखी एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. मानपाड्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या चाचणी विभागात माणूस हवा होता, तिथले अधिकारी सरांच्या ओळखीचे होते, आणि पेटी नीट चालली की सर कुंदासाठी चिठ्ठी देणार होते. तिच्या घरात तिच्या लग्नाचं बोलणं चालू होतं. "नोकरी लागली तर बाबा थांबतील," ती एकदा तार सोलता सोलता म्हणाली होती, "नायतर वैशाखात आक्षता."

शुक्रवारी संध्याकाळी तिने पेटी तपासली. दोन तास लागले. कागद तांबडा झाला, खाली तिने 'कुं. म्हात्रे' अशी ठसठशीत सही केली आणि म्हणाली, "या खेपेला वडे कमी हायेत." रविवारी सोसायटीची सत्यनारायणाची पूजा होती, तिच्यानंतर पेटीचं उद्घाटन. शनिवारी झाकण बसवणं एवढंच काम माझ्याकडे उरलं होतं.

मी त्या झाकणावर लावायला पत्र्याची एक पाटी रंगवून आणली होती. तिच्यावर कार्यशाळेचं नाव होतं आणि खाली आम्हा सर्वांची नावं, पहिलं माझं. पाटीची कल्पना मी कुणाला सांगितली नव्हती. शनिवारी दुपारी, सर कामावर असताना आणि बाकीचे जेवायला गेलेले असताना, मी ती स्क्रूने पेटीवर बसवली. स्क्रू लांब होते. त्यांतला एक पत्र्यातून आरपार जाऊन आतल्या, घरची वीज कमी करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरच्या वेटोळ्यांत घुसला, हे मला पेटी विजेला लावल्यावर कळलं. घरघर झाली, मग जळक्या वार्निशचा वास, आणि धूर.

ट्रान्सफॉर्मर मिळायचा तो मुंबईच्या बाजारात, आणि बाकीचे जेवून येईपर्यंत तिथे जाऊन परत येणं शक्य नव्हतं; रविवारी तर तो बाजार बंदच. उद्घाटन पुढे ढकलायचं, तर का, हे सांगावं लागलं असतं: त्या पाटीसाठी. मी खुर्चीवर बसून राहिलो, आणि मग मला एका मासिकातलं सर्किट आठवलं. ट्रान्सफॉर्मरऐवजी एक कपॅसिटर लावायचा. तोही वीज हवी तेवढी कमी करतो. खोलीतल्या डब्यात एक मोठा पिवळा कपॅसिटर होता. अर्ध्या तासात मी तो बसवला. कांड्या बादलीत बुडवून पाहिल्या. पंप चालू-बंद करणारा रिले टक् करून लागला, टक् करून सुटला. मला स्वतःचं कौतुक वाटलं. कुंदाच्या सहीचा कागद समोर खिळ्याला लटकत होता. नियमाप्रमाणे तो मी फाडायला हवा होता. तो मी तसाच राहू दिला.

जे मला तेव्हा ठाऊक नव्हतं, किंवा अर्धवट ठाऊक असून मी ज्याच्याकडे पाहिलं नाही, ते असं. ट्रान्सफॉर्मर वीज नुसती कमी करत नाही. बाहेरची वीज आणि आपलं सर्किट यांच्यामध्ये तो भिंतीसारखा उभा असतो. कपॅसिटर भिंत उभी करत नाही. दोन पायांची पिन एका बाजूने लावली तर काही होत नाही. तीच उलटी लावली, तर टाकीतल्या कांडीत आणि कांडीतून पाण्यात थेट घरची वीज उतरते.

रविवारी पिन सुलट होती. पूजा झाली, शिरा वाटला गेला, सेक्रेटरींनी फीत कापली आणि पंप आपोआप सुरू झाल्यावर टाळ्यांचा कडकडाट झाला. वडिलांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. ते असं करणारे गृहस्थ नव्हते. सर पेटीवरच्या पाटीकडे बघून म्हणाले, "ही कधी लावलीस?" मी म्हणालो, "काल." कुंदाने पाटी वाचली आणि हसून म्हणाली, "पयला नंबर तुझा? बरं, बरं." चार दिवस मी इमारतीतला मोठा माणूस होतो. बुधवारी केर काढताना कुणीतरी पिन उपटली आणि पुन्हा लावली.

गुरुवारी पहाटे मी अंथरुणात होतो. तळमजल्याचे लोक कधी कधी टाकीचं झाकण उघडून थेट कळशी बुडवत असत. मी आधी पितळी कळशी दगडावर आपटल्याचा आवाज ऐकला, मग किंचाळी, आणि मग सामंतांचा आवाज: "वीज! पाण्यात वीज आहे! हात लावू नका कुणी!" आई दार उघडून धावली. मी उठून बसलो आणि बसूनच राहिलो. काय झालं ते इमारतीत त्या क्षणी फक्त मला ठाऊक होतं. खाली सरांनी पंपाच्या खोलीचं कुलूप उघडून पिन ओढली होती. सामंतकाकू टाकीच्या कडेला पडल्या होत्या; शुद्धीवर होत्या, पण उजवा हात कोपरातून भलत्याच दिशेला वळला होता. तो हात पुढे कधीच पूर्ण सरळ झाला नाही. सामंतकाकू भज्यांची परात नंतर डाव्या हाताने धरत. कार्यशाळेच्या दारात ती पुन्हा आली नाही, कारण ते दारच पुन्हा फारसं उघडलं नाही.

त्याच संध्याकाळी सोसायटीची बैठक भरली; कुंदालाही बोलावलं होतं. टेबलावर पेटी उघडी ठेवली होती आणि शेजारी तो तांबडा कागद. सेक्रेटरी म्हणाले, "कागदावर ट्रान्सफॉर्मर आणि डब्यात दुसरंच काहीतरी. देवस्थळी, हा काय प्रकार?" सरांनी कागद उचलला. त्यांचा आवाज अगदी खाली होता. "ही सही कुणाची?"

"माझी, सर," कुंदा म्हणाली. "पन—"

"पण-बिण काय?" सामंत उभे राहिले. "माझ्या बायकोचा हात गेलाय आणि इथे पण?" मग एकदम सगळे बोलू लागले. "मुलींच्या हाती विजेची कामं!" "बाहेरच्या माणसांना सोसायटीत घ्यायचंच कशाला?" दारात कुंदाचा थोरला भाऊ उभा होता. तो आत आला, तिचा दंड धरला आणि म्हणाला, "चल घरी. झाली तेवढी शोभा बस." जाताना तिने वळून पाहिलं. मी तिसऱ्या रांगेत, वडिलांच्या शेजारी होतो. ती माझ्याकडे बघत होती की सरांकडे, हे मी पुढे पुष्कळ वर्षं स्वतःला विचारलं, आणि दर वेळी सोयीचं उत्तर दिलं.

दोन दिवसांनी सर आमच्या घरी आले. आईने चहा टाकला. सर खुर्चीच्या कडेवर बसले होते. "श्रीधर, एकच विचारतो. सही झाल्यानंतर तू आत काही बदललंस का?"

वडील वर्तमानपत्रामागे होते. आई गाळणी हातात धरून थांबली. मला अजूनही त्या गाळणीतून कपात पडणारे थेंब ऐकू येतात. मी म्हणालो, "नाही सर. ट्रान्सफॉर्मर मिळालाच नव्हता. कपॅसिटर पहिल्यापासून होता. मला वाटलं, चालतं. कुंदाने बघूनच सही केली."

नुसतं 'नाही' म्हणून मी थांबलो नाही, हे नीट लिहून ठेवतो. मी चूक स्वतःकडे घेतली, कारण बनवणाऱ्याच्या चुकीला माफी आहे हे मला ठाऊक होतं; आणि जिला माफी नाही ती चूक मी तिच्या नावावर चढवली. सरांनी मान हलवली. "इतकी वर्षं मी तिला ओळखतो असं वाटत होतं," एवढंच म्हणून ते चहा न घेता उठले. आई कप उचलता उचलता माझ्याकडे न पाहता म्हणाली, "शनिवारी तुझ्या सदऱ्याला जळल्याचा वास होता." तिने उत्तराची वाट पाहिली नाही, आणि हयातीत पुन्हा तो विषय काढला नाही.

कार्यशाळा बंद झाली. कुंदाचं वैशाखात लग्न झालं. जूनमध्ये सरांनी मला बोलावलं आणि कारखान्याच्या अधिकाऱ्यांच्या नावाची चिठ्ठी हातात ठेवली, म्हणाले, "जागा रिकामीच आहे. निदान तू खरं बोललास." मी ती घेतली. त्या कारखान्याच्या चाचणी विभागात मी तीस वर्षं काम केलं, तिथे विभागप्रमुख झालो, त्या नोकरीवर घर घेतलं, मुलीला शिकवलं. दुसऱ्यांच्या कामावर सह्या करणं हाच माझा व्यवसाय होता.

या सगळ्या वर्षांत मी एका समजुतीच्या आधाराने जगलो. कुंदाला झाकण उघडलं त्याच क्षणी सगळं कळलं असणार, आणि तरी ती माझ्यासाठी गप्प राहिली, असं मी मानत असे. कधी कधी त्या विचाराने मला बरंही वाटे. कुणीतरी आपल्यासाठी काही सोसलं, असं वाटण्यात एक गोडवा असतो. तो किती नासका होता ते मला गेल्या वर्षी कळलं.

ठाण्याच्या हॅकरस्पेसमध्ये तन्वी नावाची मुलगी पवनचक्की बनवत होती आणि तिचं वेटोळं तिला जमत नव्हतं. ती म्हणाली, "काका, आंबिवलीला एक कुंदाताई आहेत, पंपांच्या जळलेल्या मोटारी रिवाइंड करतात, तार नव्याने गुंडाळून देतात. त्यांच्याकडे चला ना. भारी आहेत, पण ओरडतात." तन्वीने सांगितलेलं आडनाव वेगळं होतं, सासरचं असणार. मी तन्वीबरोबर न जाता दुसऱ्या दिवशी एकटा गेलो.

स्टेशनबाहेरच्या रस्त्यावर ते दुकान होतं; दारात पंपांची रास, आत तांब्याच्या तारेची रिळं. पिकल्या केसांची एक बाई तार गुंडाळायचा चरक हाताने फिरवत वेढे मोजत होती. तिने वर न बघता पंजा उभारून मला थांबवलं. मोजणं संपल्यावर चष्म्यावरून पाहिलं. पुष्कळ वेळ पाहिलं.

"श्रीधर?" ती म्हणाली. "टकला झालास रे पार."

मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. स्क्रू, धूर, कपॅसिटर, सरांना दिलेलं उत्तर. ती तारेचं टोक पक्कडीत धरून ऐकत होती. शेवटी मी म्हणालो, "तू तेव्हा माझ्यासाठी गप्प राहिलीस, हे मी कधी विसरलो नाही."

"गप?" ती म्हणाली. "कोन बोलला तुला, मी गप राहिली?"

"बैठकीनंतर तू काही बोलली नाहीस ना," मी म्हणालो.

"दुसऱ्याच दिवशी सरांच्या घरी गेलती मी. भावाला चुकवून, सायकलवर. सरांना सांगितला, मी तपासला तवा ट्रान्सफॉर्मर होता, मागून कोनी बदलला ते श्रीधरला विचारा. सर बोलले, विचारतो. मंग पुन्यांदा गेली, तर दारातच बोलले, 'तो मुलगा खोटं बोलणार नाही, कुंदा. आता तरी कबूल कर.'" तिने पक्कड खाली ठेवली. "मी कबूल नाय केला. म्हनून त्यांच्या लेखी मी दोनदा खोटी. आनि तू इतकी वर्सं मना देवी करून बसवलीस व्हय?"

मी माफी मागितली. ती शब्दांत कशी मागितली ते आठवत नाही. ती म्हणाली, "मना कशाला सांगतंस? मना ठाऊकच होता. ज्याला ठाऊक नाय त्याला सांग. सर हायेत अजून. कल्यानला मुलाकडं असतात, पत्ता घे लिहून." मग तिने नवी तार चरकाला लावली आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला सुरुवात केली.

मी तिथून निघालो तो थेट कल्याणला उतरलो. सर पंच्याऐंशीच्या पुढचे; कानाला यंत्र, हाताला कंप, पण नजर तीच. सूनबाईंनी मला त्यांच्या खोलीत नेलं. मी पलंगापाशी स्टुलावर बसून सांगितलं, दुपारी कुंदाला जसं सांगितलं होतं तसंच, काही न गाळता. त्यांनी मध्ये एकदाच विचारलं.

"कोणत्या दिवशी बदललास?"

"शनिवारी, सर. दुपारी."

"म्हणजे शुक्रवारी तिने पाहिलं तेव्हा सगळं कागदाप्रमाणे होतं."

"होतं, सर."

त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. ते म्हणाले, "उन्हातून सायकल मारत आली होती. मी तिला पाणीसुद्धा विचारलं नाही. म्हणे, तो मुलगा खोटं बोलणार नाही! तपासलं कुठे होतं मी? नुसती सही केली." मग हात पुढे केला. "नंबर आहे तुझ्याकडे?"

दुकानाच्या पाटीवरून मी तो टिपून घेतला होता. फोन लावला, घंटा वाजू लागली, तो त्यांच्या कानाच्या यंत्राजवळ धरला. त्यांनी तो माझ्या हातातून काढून घेतला आणि दुसऱ्या हाताने मला दाराकडे जायची खूण केली. मी उठलो. उंबरठ्यावर असताना मागून आवाज आला, कापरा, पण प्रत्येक अक्षर वेगळं:

"कुंदा, मी देवस्थळी बोलतोय. नाही, ठेवू नकोस. मला बोलू दे."

पुढचं ऐकण्याचा हक्क मला नव्हता. मी दार ओढून घेतलं.